सोमवारीच या

ओसाका, २० सप्टेंबर १९७१

बाबा,

दिवसा ऊन अजून भाजतं, पण पहाटे पांघरूण शोधावं लागतं. तिकडे डोंगरात तुम्ही शेगडीजवळ सरकला असाल.

‘तंबाखू वाळवून झाला की येतो’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं बोलावते आहे, आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं. रानडुकरं, छप्पर, हारुयो आत्याचा दात! आता येतच आहात तर नीट सांगते, कारण पहिल्यांदा ओसाकाला आलेला माणूस हमखास गोंधळतो. मी स्वतः पहिल्या दिवशी उमेदाच्या जमिनीखालच्या बाजारात शिरले आणि चपलांच्या एकाच दुकानासमोर तीनदा पोचले होते. तुम्ही त्या बाजारात शिरूच नका. रस्ता लांबचा वाटला तरी वरून, आभाळ दिसेल असाच चाला.

गाडीचं तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवायचं, बाहेर पडताना परत मागतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. टॅक्सीच्या दाराला हात लावू नका, ते आपोआप उघडतं आणि आपोआप मिटतं. हात लावलात तर चालक चिडतो. दुकानांच्या दारात मुली वाकून नमस्कार करतात, तिथे उलट नमस्कार करत थांबू नका. त्या सगळ्यांनाच करतात. भूक लागली तर गोड तळलेला टोफू घातलेला जाड शेवयांचा उदोन खा, तो ओसाकासारखा कुठे मिळत नाही. आणि इथली माणसं ओळख नसताना थट्टा करतात, ती मनावर घेऊ नका.

आईच्या वर्षश्राद्धाला घातलेला कोट चार दिवस उन्हात टांगा. चुलीच्या धुराचा वास आपला आपल्याला कळत नाही, आणि इथे गाडीत माणसं अंगाला अंग लावून उभी असतात. रबरी बूट नकोत. माझ्यासाठी काही आणू नका. कोन्न्याकुच्या वड्या इथे कोपऱ्यावर मिळतात.

किनुए

*

इया, २८ सप्टेंबर

किनुए,

पत्र मिळालं. हारुयोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘दादा, हे ओसाका आहे का सैन्यातली भरती?’

कोट टांगला आहे. हारुयोने तो हुंगला आणि म्हणाली, अजून आठ दिवस. कॅनव्हासचे बूट इकेदाहून आणले, सध्या घरातल्या घरात घालून फिरतो. देवळाच्या पायऱ्यांवर उजवीकडे उभं राहायची सवय करतो आहे. पुजारी विचारत होता, पाठीत उसण भरली का?

एक विचारतो. तू त्या उंच दुकानात लिफ्ट चालवतेस म्हणजे काय करतेस, असं इथे सगळे विचारतात. मी सांगतो, माणसं वर नेते आणि खाली आणते. त्यावर सुगीमोतो म्हणाला, म्हणजे आपल्या नदीवरच्या दोरीच्या पाळण्यासारखंच, फक्त उभं. लोक हसले. मीही हसलो, पण मला नीट सांगता आलं नाही याचं वाईट वाटलं. एकदा बघितलं म्हणजे सांगता येईल. ओसाकाचा किल्ला वगैरे राहू दे. तुझं दुकान बघायला मिळेल का? मी कोपऱ्यात उभा राहीन, मध्ये येणार नाही.

कोन्न्याकु तिथे मिळतं हे खरं असेल. पण ते हारुयोने केलेलं नसेल.

तोराकिची

*

ओसाका, ४ ऑक्टोबर

बाबा,

घाईत लिहिते आहे.

१८ तारखेच्या सोमवारी या. सोमवारी आमचं दुकान बंद असतं, त्यामुळे दिवसभर मी तुमची. सकाळच्या बोटीने कोमात्सुशिमा बंदरातून निघा, मी धक्क्यावर उभी असेन. उतरलात की तिथून हलू नका. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना घेत नाहीत, म्हणून जवळच्या एका साध्या खानावळीत तुमची झोपायची सोय केली आहे.

दुकानात बघण्यासारखं काही नाही, बाबा. लोखंडी खोली, ती वर जाते आणि खाली येते. रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते, मुलं रडतात, बायका ढकलतात. तुमची दमछाक होईल. त्यापेक्षा आपण किल्ला बघू, वर चढलं की समुद्रापर्यंत दिसतं.

सोमवारीच या. विसरू नका.

किनुए

*

इया, २१ ऑक्टोबर

किनुए,

तुला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल वाईट वाटतं.

बंदरापर्यंत आलो होतो. पण समुद्र फार खवळलेला होता. बोट सुटणार नाही म्हणाले. थोडा वेळ बसलो आणि मागे फिरलो. तुला कळवायला काही साधन नव्हतं.

आता कोळशाची भट्टी लावायची, म्हणजे हिवाळाभर हलता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू. तब्येत ठीक आहे. तूही जपून राहा.

तोराकिची

*

ओसाका, २६ ऑक्टोबर

बाबा,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मी धक्क्यावर बराच वेळ थांबले होते, नाना शंका येत होत्या. समुद्राचं असंच असतं. कोण काय करणार? तुम्ही उगाच धाडस केलं नाहीत, तेच बरं झालं.

इथे गर्दी वाढली आहे, वर्षअखेरची खरेदी आताच सुरू झाली. मला कदाचित नव्या मुलींना शिकवायचं काम देतील. पुढच्या वर्षी नक्की या. थंडीत भट्टीजवळ रात्र काढू नका.

किनुए

*

इया, १२ नोव्हेंबर

किनुए पोरी,

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली जमीन. पण आभार मानायचे राहून गेले म्हणून बसले.

दादाला तू केवढं जपलंस गं! तो परत आला त्या संध्याकाळी वाडीतली सगळी माझ्याकडे जमली होती. मी सोबाच्या शेवयांचं पीठ मळत होते, पण हात थांबला. त्याने सगळं सांगितलं. टॅक्सीचं दार कसं भुतासारखं आपोआप उघडलं. उदोनवर हाताएवढा गोड टोफू होता. किल्ल्यावरून समुद्र दिसला. सरकत्या जिन्यावर तो उजवीकडे असा उभा राहिला की ओसाकाचे लोकही बघत राहिले. सुगीमोतो म्हणाला, ‘आणि पोरीचा पाळणा?’ तेव्हा दादा ताठ बसला. म्हणाला, पांढरे हातमोजे, निळी टोपी, राणीसारखी उभी होती. मला बघितलं आणि भरलेल्या लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, ‘हे माझे बाबा.’ तिची साहेबीण होती तिथे, तीही वाकली म्हणे.

सुगीमोतोने मान डोलावली. माझ्या तर डोळ्यांतून पाणी आलं. तुझी आई असती तर, असं वाटलं.

तेव्हा आता मीही यायचं म्हणते. वसंतात, चेरी फुलली की. मला किल्ला नको, माझ्याच्याने चढवत नाही. मला फक्त त्या लिफ्टमधून ने, आणि म्हण, ‘ही माझी आत्या.’ माझा वास येईल, पण मी कोट महिनाभर टांगीन!

हारुयो

*

ओसाका, २० नोव्हेंबर

हारुयो आत्या,

तुझं पत्र येऊन पडलं आहे आणि मी रोज उत्तर लिहायला बसते आहे. आज लिहिते. हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

मी बाबांना किल्ल्यावर नेलं नाही. उदोन खाऊ घातला नाही. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. म्हणजे बोलले, आणि काय बोलले तेच सांगायचं आहे.

बाबा सोमवारी यायचे होते. ते रविवारी आले. भर दुपारी, दुकान माणसांनी फुटत होतं. खालच्या मजल्यावर दार उघडलं तर गच्चीवरच्या खेळण्यांकडे निघालेल्या आया आणि पोरं, आणि त्यांच्यामध्ये बाबा. तो कोट. नवे पांढरे बूट. छातीशी धरलेलं गाठोडं. मला बघून त्यांचं तोंड उघडलं.

आत्या, माझ्यामागे ओगाता बाई उभ्या होत्या. आमच्या वरिष्ठ. मुलींची बोली, उभं राहणं, हसणं तपासत त्या दिवसभर लिफ्टमधून फिरत होत्या. आणि त्यांना, नुसत्या त्यांनाच नाही, इथे सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे की माझे वडील तोकुशिमा शहरात चहाचे व्यापारी आहेत. पहिल्या वर्षी एका मुलीने माझ्या बोलीची नक्कल केली होती, जेवणाच्या खोलीत, सगळ्या हसल्या होत्या. त्याच दिवशी मी ते सांगितलं. नंतर मागे घेता आलं नाही. मागे घ्यावंसं वाटलंही नाही.

मी बाबांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, ‘या. आपल्याला कुठल्या मजल्यावर जायचंय?’

त्यांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. क्षणभर ते माझ्या टोपीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सर्वांत वरच्या, कृपया.’ आपल्या बोलीत नाही. रेडिओवर बोलतात तसं, एकेक अक्षर जपून. इतकं चांगलं कुठून शिकले, देव जाणे. मला वाटतं माझ्यासाठीच शिकून आले होते.

मध्येच एक मुलगी म्हणाली, ‘आई, या आजोबांना जळक्या लाकडाचा वास येतोय.’ आईने तिला गप्प केलं, पण लिफ्टमध्ये हसू पसरलं. मीही हसले. आम्हाला शिकवलेलं हसू असतं ना, तेच माझ्या तोंडावर होतं. ते पुसायला हवं होतं, मी पुसलं नाही. बाबा आकड्यांच्या दिव्यांकडे बघत उभे होते. कुणाला आपला कोट लागू नये म्हणून ते भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले होते.

वर पोचल्यावर ते उतरले, वळले, आणि मला वाकून नमस्कार केला. मी सगळ्यांना करते तसा त्यांना केला. दार मिटलं.

ओगाता बाई म्हणाल्या, ‘तो गावंढळ म्हातारा तुझ्याकडे टक लावून बघत होता. पण छान सांभाळलंस.’ मी त्यांना धन्यवाद म्हटलं.

संध्याकाळी गच्चीवर धावले. तिथे कुणी नव्हतं. खानावळीत विचारलं, तिथे ते गेलेच नव्हते. सोमवारी तरीही धक्क्यावर गेले. समुद्र आरशासारखा होता. वाटलं, बाबा बोटीतून उतरतील, आणि आम्ही दोघं कालचा दिवस नव्हताच असं वागू. मला तेच हवं होतं, आत्या. बोट रिकामी झाली.

मग त्यांचं पत्र आलं की समुद्र खवळलेला होता. आणि मी काय लिहिलं? ‘समुद्राचं असंच असतं.’ वर त्यांना समजावलं की धाडस केलं नाहीत ते बरं. लिफ्टमधलं क्षणात घडलं, विचार करायला वेळ नव्हता, असं तरी म्हणता येतं. हे पत्र मी टेबलाशी बसून, चहा पीत, शांतपणे लिहिलं.

आणि आता तू लिहितेस की मी सगळ्यांदेखत म्हटलं, हे माझे बाबा. ते वाक्य बाबांनी मनातच रचलं असेल ना गं? बोटीवर बसून?

मी त्यांना सगळं लिहून टाकणार आहे. वाडीलाही कळू दे मी कशी आहे.

किनुए

*

इया, ३० नोव्हेंबर

किनुए,

वाचलं. दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. दादाला दाखवलं नाही.

आता ऐक. मला माहीत होतं. काय झालं ते नव्हतं माहीत, पण काहीतरी झालं होतं हे कळलं होतं. अगं, जो माणूस इकेदाच्या बाजारात वाट चुकतो, तो ओसाकात एकदाही चुकला नाही? आणि त्याची टॅक्सी, त्याचा टोफू, त्याचा जिना, सगळं तुझ्या पत्रातलं, जसंच्या तसं! ते पत्र त्याने मला इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की माझंही पाठ होतं. आणि घरी येऊन चार वाट्या भात खाल्ला. पोरीने पोटभर जेवू घातलेला माणूस असा खातो का?

तरी मी तुला तसं पत्र लिहिलं. मुद्दाम लिहिलं. म्हटलं, बघू दगडाला पाझर फुटतो का. रडलीस ना? रड. तुला बरं वाटावं म्हणून मी काही लिहिणार नाही. माझ्या भावाला तू लिफ्टमध्ये परका केलंस, आणि मला तुझा राग आला आहे.

पण वाडीला सांगायचं नाव काढू नकोस. तुझं मन हलकं होईल, आणि त्याचं काय? उद्यापासून सुगीमोतो त्याच्याकडे कीव करून बघेल. त्याने तुझी अब्रू राखायला एवढा डोंगर रचला, तो तू मोकळं वाटावं म्हणून पाडणार? लोक तुझं कौतुक करतील तेव्हा खाली मान घालून ऐक. हीच तुझी शिक्षा, आणि ती हलकी नाही.

आणि त्याला पत्रात लिहू नकोस. कागदावर आलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि दादा पुन्हा काहीतरी खोटं लिहील. नव्या वर्षाला ये. तोंडाने सांग.

हारुयो

*

इया, ५ जानेवारी १९७२

किनुए,

नीट पोचलीस का? तू गेल्यावर इथे बर्फ पडलं, तुझी बस वेळेवर सुटली ते बरं झालं.

तीन दिवस राहिलीस. लाकडं फोडलीस, आईच्या थडग्यावरचं शेवाळ घासलंस, छपराखालची जळमटं काढलीस. वाडीतली माणसं येत होती आणि ‘लिफ्टची राणी’ म्हणून हाका मारत होती. सुगीमोतोच्या बायकोने तर तुझे हात हातात घेऊन, असं लेकरू सगळ्यांना मिळो, म्हटलं. तू खाली मान घालून बसलीस. मी चिलीम शोधत राहिलो, ती माझ्या हातातच होती. तुला काहीतरी बोलायचं होतं हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणून मी सारखा भट्टीवर जात होतो. भट्टी तर थंड होती.

शेवटी बसच्या दारात उभी राहून तू म्हणालीस, ‘बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं.’

मी कानाला हात लावून ‘काय?’ म्हटलं. बसचा आवाज फार आहे असं दाखवलं. चालकाने दार ओढलं.

मी ऐकलं होतं. हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. तू एवढं बळ करून बोललीस, आणि मी पुन्हा न ऐकल्याचं सोंग केलं. रात्रभर त्याचीच लाज वाटली.

म्हणून बाकीचंही लिहितो.

तू सोमवारी बोलावलं असताना मी मुद्दाम रविवारी आलो. तू मला दुकानापासून लांब ठेवते आहेस हे मला कळलं होतं. एवढा काही मी भोळा नाही. तरी वाटलं, लांबून बघावं आणि निघावं. लिफ्ट कुठली ते मला माहीत नव्हतं. दार उघडलं आणि समोर तू. तू ओळख दाखवली नाहीस तेव्हा मला आधी माझीच लाज वाटली. या कोटाची, या हातांची. मुलीच्या कामात येऊन उभा राहिलो, असं वाटलं. वर गेल्यावर गच्चीच्या कठड्याशी उभा राहिलो. मग जिन्याने खाली उतरलो, सगळे मजले. पुन्हा तुझ्या लिफ्टमध्ये चढलो तर तुला पुन्हा तेच करावं लागेल, म्हणून.

पण बोटीवर बसल्यावर राग आला. फार आला. हारुयोने माझी थाप ओळखली आहे, हे तिच्या तोंडावरून मला केव्हाच कळलं. तिला वाटतं, मी वाडीत जे सांगितलं ते सगळं मायेने रचलं. तसं नाही. अर्धं मायेने, अर्धं रागाने. लोक विचारत होते आणि खरं सांगायची मला लाज वाटत होती, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. ज्याच्या मुलीने ओळख दाखवली नाही, असा बाप मला व्हायचं नव्हतं. आणि तुला समुद्राचं लिहिलं ते तर रागानेच लिहिलं. म्हटलं, बघू ही काय लिहिते. तू लिहिलंस, ‘समुद्राचं असंच असतं.’ त्या दिवशी मी भट्टीवरून घरी आलोच नाही. मुलीची परीक्षा घ्यायला मी कोण? खोटं मी लिहिलं, तू फक्त होकार दिलास. तरी दुखलं.

आता राग नाही, असं लिहिणार होतो. थोडा आहे. एवढ्यात जाईल असं वाटत नाही, पण तू आलीस तेव्हा घरात दोन माणसांचा चहा झाला, ते मला बरं वाटलं. पुन्हा ये. मीही येईन, कधी ते आत्ता विचारू नकोस.

तुझी बस खालच्या वळणावर गेली तरी मी थांब्यावर उभा होतो. ती पार दिसेनाशी झाली, आणि मग मी ओरडून उत्तर दिलं, ‘मीही ओळखलं होतं तुला!’ एवढ्या मोठ्याने की दरीच्या पलीकडून सुगीमोतोने विचारलं, ‘तोराकिची, कुणाला हाका मारतोस?’

मी म्हटलं, ‘किनुएला.’

‘अरे, ती तर गेली!’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

तोराकिची